ठिणगी केव्हा चुकते?

मोटारीच्या इंजिनाविषयी आम्ही लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. आमचा सारा जन्म इंदूरच्या सरकारी शाळांतील खडूच्या धुळीत गेला. वाहन म्हणाल तर आधी सायकल आणि पुढे स्कूटर. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मोटारीने आम्हांस जो धडा दिला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही उभयता कन्येकडे ऑक्सफर्डला गेलो होतो. जावईबापूंनी तेथे हौसेने एक जुनी एमजीबी घेतली आहे; १९६९ सालची, उघड्या टपाची, दोघांपुरती. या गाड्या ऑक्सफर्डजवळच्याच ॲबिंग्डन गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत. तिचा आवाज कानी पडताच तो आम्हांस ओळखीचा वाटला. मागाहून कळले की, तिचे १७९८ सीसीचे इंजिन आणि आपल्या जुन्या ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले. म्हणजे नात्यातलीच म्हणायची!

मात्र ही नातलग मोठी लहरी. निघताना झकास चाले आणि वीस-पंचवीस मिनिटांनी गचके देऊ लागे. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात, तेच हे दुखणे. दोष कार्ब्युरेटरचा, असे निदान जावईबापूंनी करून टाकले होते. या गाडीला कार्ब्युरेटर दोन. दोन्ही त्यांनी तीन वेळा उघडून धुतले. दुसऱ्या दिवशी पाहावे तर गाडी ठणठणीत, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

“बाबा, ही मुद्दाम करते,” ते वैतागून म्हणाले. हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या खोलीत नित्य ऐकतो.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांची हयात गॅरेजात गेलेली. त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, “केव्हा?” थंड असताना की तापल्यावर? चढावर की सपाटीवर? उत्तर ऐकून त्यांनी गाडी चांगली तापू दिली. दुखणे समोर आल्याखेरीज नाडी पाहायची नाही, हा त्यांचा नियम.

गाडी गचके देऊ लागली तशी त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक तार क्षणभर काढून पाहिली. एखादा सिलिंडर निकामी असता तर त्याची तार काढल्याने आवाजात फरक पडला नसता. येथे चारही वेळा इंजिन सारखेच मंदावले. म्हणजे दोष एका प्लगचा नव्हे. चौघांना ठिणगी पुरविणाऱ्या सामाईक जागेचा. मग डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून त्यांनी आतले पॉइंट दाखविले. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेते तेव्हा हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. त्यांतील फट असते जेमतेम १५ सहस्रांश इंच. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी उडून जाऊ नये म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो उष्णतेने आतून गळू लागला की ठिणगी पॉइंटवरच खर्च होते आणि प्लगपाशी दुबळी पोहोचते. निवला की पुन्हा शहाणा! पॉइंट जळून काळवंडले होते. पॉइंट घासून साफ केले, काही पौंडांचा नवा कंडेन्सर बसविला आणि दुखणे गेले. कार्ब्युरेटर बिचारे निरपराध होते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या शाळेतील नववीचा एक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. आठवीपर्यंत बरा असलेला हा मुलगा नववीत घसरला. पहिल्या तासाला गणिते चटकन सोडवी. मधल्या सुट्टीनंतर फळ्याकडे पाहत नुसता बसे. आम्ही त्याचा बाक बदलला, वडिलांना बोलावून चार शब्द सुनावले आणि प्रगतिपत्रकावर स्वहस्ते लिहिले, ‘लक्ष नाही.’ वर्षअखेर तो नापास झाला. ‘केव्हा?’ हे मात्र आम्ही एकदाही विचारले नव्हते.

जूनमध्ये शाळा उघडताच त्याला खोलीत बोलावले आणि दुपारी काय खातोस, एवढेच विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, आठवीपर्यंत शाळेत मिळायचं.” सरकारचे मध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच असते. त्याची आई पहाटेच चार घरची कामे करावयास बाहेर पडते. सकाळचा चहा झाला की संध्याकाळपर्यंत पोटात काही नसे. खालच्या वर्गांच्या पंगती बसत तेव्हा हा नळावर पाणी पिऊन परत वर्गात येई.

आता आमच्या सौ. रोज एक डबा जास्त भरून देतात. तो आमच्या खोलीत बसून जेवतो; आम्ही कागदांत डोके घालून बसतो, म्हणजे त्याला संकोच वाटू नये. चौथ्या तासाची त्याची वही आम्ही अधूनमधून मागवून पाहतो. अक्षर आता शेवटच्या ओळीपर्यंत ठीक असते. पण तो नववीतच आहे, आणि त्याच्याबरोबरीची मुले दहावीत गेली.