पाव मैलाचें माप

आमच्या भाच्यानें नवी मोटार घेतली आणि पहिल्याच रविवारीं पहांटे आम्हांस शेजारीं बसवून तो कोन गांवापर्यंत घेऊन आला. पनवेल मागें टाकल्यावर जुन्या पुणें रस्त्याच्या कडेला एका टपरीवर आम्ही चहास थांबलों. रिकाम्या रस्त्याकडे पाहत भाचा हळूच म्हणाला, "मामा, घड्याळ तुम्ही धरा. पाव मैल, एकदांच! माहितीपत्रकांतला आंकडा खरा कीं खोटा, तें पाहूं."

खरें सांगावयाचें तर आम्हांसही मोह झाला. कॉलेजांत असतां रद्दीच्या दुकानांतून आणलेलीं जुनीं अमेरिकन मासिकें आम्हीं रात्र रात्र वाचलीं होतीं. मध्यम अंगाच्या मोटारींत थोरलें इंजिन बसवावयाचें, हा तिकडच्या 'मसल कार'चा मंत्र. जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर, ती किती सेकंदांत तोडते यावर तिची सारी प्रतिष्ठा. १९६४ सालच्या पाँटियाक जीटीओला एका नामांकित मासिकानें १३ सेकंदांच्या आसपासचा वेळ दिला होता. दुकानांतून घेतलेल्या साध्या जीटीओला मात्र १५ च्या आसपास लागत. ही तफावत कां, हें पुष्कळ वर्षांनीं उलगडलें. परीक्षेस दिलेल्या गाडींत ३८९ घनइंचांऐवजीं ४२१ घनइंचांचें इंजिन गुपचूप बसविलें होतें, अशी कबुली त्या गाडीच्या जाहिरातीचें काम पाहणारे जिम वँगर्स यांनीं मागाहून दिली. बाहेरून दोन्ही इंजिनें सारखींच दिसत!

पण लबाडी वगळली तरी नुसता आंकडा पुरेसें सांगत नाहीं. इंजिनाची शक्ति दुप्पट केली तर वेळ निम्मा होईल असें वाटतें. प्रत्यक्षांत वांचतो तो जेमतेम पांचवा हिस्सा. त्या काळच्या अरुंद टायरांची पकड इतकी बेताची, कीं सुटतांना चाकें जागींच फिरत आणि शक्तीचा धूर होई. म्हणून जाणकार दोन आंकडे मागतो: लागलेला वेळ आणि शेवटच्या टोकाचा वेग. वेगावरून इंजिनाचें बळ कळतें; वेळावरून टायरांची पकड आणि चालविणाराचा हात. शिवाय हवा उष्ण असली किंवा जागा उंचावर असली, तर विरळ हवेनें इंजिनाचा दम कमी पडतो. सारांश, कोठें, केव्हां व कोणाच्या हातीं, हें सांगितल्यावांचून सेकंदांना अर्थ नाहीं.

हें सारें मनांत घोळत असतां दुधाच्या किटल्या लावलेली एक सायकल आडवाटेनें रस्त्यावर आली. मागें पाहण्याची तिच्या मालकाला गरज वाटली नाहीं. रस्ता त्याचाही होता. आम्हीं घड्याळ खिशांत टाकलें.

"सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें गुन्हा आहे," आम्हीं म्हणालों, "आणि कायदा नसता तरी हा दूधवाला आहेच. हौस असेल तर लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धांवपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती भरल्या आहेत. तसल्या ठिकाणीं नांव नोंदव. घड्याळ धरावयास मी येतों."

"मग तोंवर खरा आंकडा कळायचा कसा, मामा?" त्यानें हिरमुसून विचारलें.

उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. आठवलीं तीं आमचींच शिफारसपत्रें. तीस वर्षें आम्हीं तीं लिहीत आलों. बेताच्या मुलांस 'अत्यंत बुद्धिमान' म्हटलें, आळशांस 'परिश्रमी' म्हटलें, आणि त्यांच्या भल्यासाठींच केलें असें मनाशीं म्हटलें. त्या पत्रांच्या भरंवशावर कोणीं तरी त्यांना कामें दिलीं असतील. जे खरोखरच परिश्रमी होते त्यांच्याविषयींही आम्हीं तोच शब्द वापरला असल्यानें, त्यांचा मात्र तोटा झाला. दोन्ही इंजिनें बाहेरून सारखींच दिसूं लागलीं, तीं आमच्यामुळें.

परततांना भाचा मुकाट्यानें गाडी चालवीत होता. घरीं टेबलावर एका विद्यार्थ्याचें अर्धवट लिहिलेलें पत्र पडलें होतें. आम्हीं त्यांतला पहिला शब्द खोडला.