कट्ट्यावरचे ऊन

शहापूरच्या गल्लीतले आमचे जुने घर आगगाडीच्या डब्यासारखे लांबट होते. पुढचे दार गल्लीत आणि मागचे परसात. परसात विहीर, तुळशीवृंदावन, कढीपत्त्याचे झाड, अळूचा वाफा आणि विहिरीच्या कडेने पसरलेला पानओवा. सासूबाई या परसाला 'हित्तल' म्हणायच्या. त्यांचे माहेर मलेनाडातले, सागरकडचे, माझे खानापूरचे. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात बहुतेक वस्तूंना दोन नावे होती. मी कढीपत्ता म्हणे, त्या करिबेवु. मी सांडगे म्हणे, त्या संडिगे. मी त्यांना पहिल्यापासून 'अत्ते' म्हणत असे आणि त्या माझ्याशी निम्मे मराठी, निम्मे कन्नड बोलत.

2016 ची दिवाळी आटोपली आणि आम्ही ते घर सोडून टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. फ्लॅट चांगला होता. नळाला पाणी होते, स्वयंपाकघर मोठे होते आणि कट्ट्यावरच्या दक्षिणेच्या खिडकीतून भरपूर ऊन येत होते. अत्तेंनी कसलीच तक्रार केली नाही. पण रोज आमटीला फोडणी द्यायची वेळ झाली की त्या सवयीने उठायच्या, मागच्या दारापर्यंत जायच्या आणि तिथली कपडे वाळत घालायची गॅलरी पाहून परत फिरायच्या. फोडणीत टाकायला झाडावरून चार पाने खुडणे हे चाळीस वर्षे त्यांचे काम होते, आणि ते काम आम्ही जुन्या घरातच सोडून आलो होतो. हळूहळू त्या स्वयंपाकघरात यायच्याच बंद झाल्या.

खिडकीत कुंड्या ठेवायचे मी तेव्हा ठरवले. नर्सरीत जाऊन डोळ्यांना बरे दिसले ते घेऊन आले: मनीप्लांट, एक नाजूक नेचा आणि पांढरट ठिपक्यांच्या रुंद पानांचे एक शोभेचे झाड. आठ-दहा दिवसांत नेचा वाळून कोळ झाला आणि मनीप्लांटच्या पानांवर इस्त्रीने जळाल्यासारखे तपकिरी डाग पडले. ही सगळी झाडे मुळात जंगलातल्या सावलीत वाढणारी. त्यांना मी डिसेंबरच्या थेट उन्हात नेऊन बसवले होते.

मग उन्हाची आवड असलेली झाडे आणली. तुळस आणि मिरचीची रोपे लावली, पसरट कुंडीत धने आणि मेथी पेरली. जानेवारीत खिडकी अशी बहरली की मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले. पण ते कौतुक दोन-तीन महिनेच टिकले. एप्रिलमध्ये तुळस काचेकडे वाकू लागली, मिरचीची फुले गळाली. मे महिन्यात सगळी रोपे लांबट आणि फिकट झाली. बाहेर बेळगाव तापलेले आणि माझ्या 'उन्हाच्या' खिडकीत ऊनच नाही! मी शेजारच्या नव्या इमारतीला दोष देऊन मोकळी झाले.

अत्ते मात्र हसल्या. म्हणाल्या, "इमारतीनं काय केलंय? बिसिलु घराबाहेर गेलंय. दसऱ्याला परत येईल."

तेव्हा मला कळले की हिवाळ्यापासून त्या भरदुपारी बारा-साडेबाराला स्वयंपाकघरात येऊन ऊन कुठे पडते ते पाहत होत्या. सणवार ही त्यांची मोजपट्टी. संक्रांतीला ऊन कट्ट्याच्या पुढे दुसऱ्या फरशीपर्यंत आले होते. महाशिवरात्रीला ते खिडकीच्या कडेवर जेमतेम टेकले. युगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, छज्जाच्या सावलीने त्याला बाहेरच्या ग्रिलपाशीच अडवले. अक्षय्य तृतीयेला तेही नाही. "संडिगे वाळवणाऱ्या बाईला ऊन कुठून कुठे सरकतं ते ठाऊक नसेल, तर कावळ्यांचीच चैन," असे त्या वर म्हणाल्या.

मला फार ओशाळल्यासारखे झाले, कारण मी भूगोल शिकवते. फळ्यावर कर्कवृत्त आणि मकरवृत्त काढता काढता माझी वीस वर्षे गेली. बेळगाव 16 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, मग तो आपल्या उत्तरेला जातो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. मधले तीन महिने भरदुपारीही तो आपल्या उत्तरेलाच असतो. दक्षिणेच्या खिडकीत त्याचे थेट ऊन येणार कुठून? उलट डिसेंबरात भरदुपारीसुद्धा तो दक्षिणेच्या आकाशात सुमारे 51 अंशांवरच असतो. त्यामुळे ऊन तिरपे होऊन पार आत येते. विद्यार्थ्यांकडून हे मी दरवर्षी पाठ करून घेत होते, पण माझ्या स्वयंपाकघराला तो धडा कधी लावून पाहिला नव्हता.

अनेक इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत दक्षिणेची खिडकी बारा महिने उन्हाची, असे लिहिलेले असते. ते युरोपात खरे आहे. आपल्याकडे झाड निवडण्याआधी खिडकीचे तोंड पाहावे लागते. पूर्वेच्या खिडकीत वर्षभर सकाळचे कोवळे ऊन येते. कुंड्यांना हिच्यासारखी खिडकी नाही. पश्चिमेची खिडकी मार्च ते मे दुपारभर भाजून काढते, त्यात शेजारी गॅसची धग. तिथे कोरफड, गवती चहा अशी काटक झाडेच टिकतात. उत्तरेच्या खिडकीला मे-जूनच्या सुमारास थोडे ऊन मिळते, मग पावसाळी ढग येतात. तिथे सावलीचीच झाडे बरी. दक्षिणेची खिडकी दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत उन्हाची आणि उरलेले महिने नुसत्या उजेडाची. थोडक्यात, तिथे दोन हंगामांची दोन बिऱ्हाडे मांडायची.

आमची मांडणी मग अत्तेंनीच ठरवली. दसऱ्याला कोथिंबीर आणि मेथी पेरायची. धने हाताने रगडून दोन फाका करायच्या आणि पेरायचे. दीड-दोन आठवड्यांत उगवतात आणि सव्वा महिन्यात कापणीला येतात. मेथी तीन-चार दिवसांतच डोके वर काढते. उन्हाळ्यात कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलावर येते, म्हणून आपला हिवाळाच तिला मानवतो. तुळस आणि मिरचीही याच काळात खिडकीत. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या की ती झुपकेदार होते. पाडवा झाला की ही मंडळी गॅलरीत हलवायची. त्यांच्या जागी पुदिना, मनीप्लांट आणि विड्याच्या पानांचा वेल, म्हणजे अत्तेंची वीळ्यदेले. या तिघांना थेट उन्हापेक्षा उजेड आणि ओलावा जास्त आवडतो. पुदिन्याची जुडी आणली की दोन जाड काड्या पाण्यात ठेवाव्यात. आठवड्याभरात मुळ्या फुटतात.

करिबेवु मात्र खिडकीत फार दिवस राहत नाही. त्याला मोठी कुंडी आणि भरपूर ऊन हवे. आमचे झाड गॅलरीतच आहे. थंडीत त्याची वाढ थबकते, काही पाने पिवळी पडतात. अशा वेळी घाबरून जास्त पाणी घालू नये. उन्हाळा लागताच शेंडे खुडले की बाजूच्या फांद्या फुटतात.

बारा महिने खिडकीतच राहिला तो पानओवा, कन्नडमध्ये दोड्डपत्रे. मसाल्याच्या डब्यातला ओवा या झाडाचा नव्हे, वास तेवढा सारखा. याची बोटभर काडी मातीत खोचली की पंधरवड्यात मूळ धरते. तो मरतो तो बहुतेक वेळा जास्त पाण्यानेच. माझ्या माहेरी याच्या पानांची भजी होतात. अत्ते पाने तुपावर जिऱ्या-मिऱ्याबरोबर परतायच्या, ओल्या खोबऱ्यासोबत वाटायच्या आणि ताकात कालवून वरून फोडणी द्यायच्या. ही तंबुळी उकळायची नसते, गार भातावर घ्यायची. एकाच कुंडीतून आमच्या घरात दोन्ही पदार्थ होतात.

स्वयंपाकघरातल्या झाडांची काही पथ्ये आहेत. फोडणीची वाफ पानांवर चिकट थर धरते, म्हणून रुंद पाने आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावीत. कुंडी शेगडीपासून निदान दोन हात लांब असावी. तांदळाचे धुवण घालायला हरकत नाही, पण मीठ पडलेले पाणी नको. साखरेच्या चहाची पत्ती तशीच टाकली तर मुंग्या आल्याच म्हणून समजा. पावसाळ्यात वरची माती बोटभर कोरडी लागली तरच पाणी घालावे. मातीची कुंडी पाणी लवकर सोडते. आपल्या खानापूरची लाल मातीची भांडी त्यासाठी उत्तम. मात्र वरच्या मजल्यावर कुंडी ग्रिलच्या आतच ठेवावी, खालून माणसे जात असतात. ठिपक्यांच्या रुंद पानांचे जे शोभेचे झाड मी आणले होते, ते डिफेनबेकिया. त्याचे पान चावले तर तोंड जळजळते, जीभ सुजते. मनीप्लांटचे पानही चावल्यास त्रास होतो. पहिले झाड मी काढून टाकले, दुसरे मुलांचा हात पोचणार नाही असे वर टांगले. स्वयंपाकघरातली पाने खाण्याची, असेच लहान मुले धरून चालतात.

त्या दसऱ्यानंतर अत्ते पुन्हा फोडणीच्या वेळी कट्ट्यापाशी येऊ लागल्या. मी कढई तापवायची आणि त्यांनी पाने खुडून हातावर द्यायची. कधी कोथिंबीर, कधी पानओवा, कधी गॅलरीतला करिबेवु. त्यांचे बोलणे वाढले, जेवणही सुधारले. 2021 साली त्या गेल्या. शेवटच्या आजारपणात अंथरुणावरूनही त्या दुपारी मला विचारायच्या, "बिसिलु एल्लिदे?" ऊन कुठवर आलंय? मी फरशा मोजून सांगायची.

कन्नडमध्ये एक म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल'. परसातले झाड औषध ठरत नाही, घरातल्याची किंमत घरच्यांना नसते. मी उन्हाचा धडा पुस्तकांत आणि नर्सरीत शोधत फिरले, आणि तो माहीत असलेले माणूस माझ्याच घरात गप्प बसून होते. तुमच्या खिडकीसाठी झाडे आणायला निघाला असाल, तर आधी घरातल्या आजीला किंवा अज्जीला विचारा, संक्रांतीला ऊन कुठे येतं आणि पाडव्याला कुठे जातं. आणि सांगणारे कोणी नसेल, तर दर सणाला दुपारी बाराच्या सुमारास उन्हाच्या कडेवर रांगोळीचा एक ठिपका ठेवा आणि कॅलेंडरवर फरशी लिहून ठेवा. वर्षभर हे लिहिले, की मग नर्सरीत जा.