खडकावरचे बीज

कुरुंदवाडला राहणाऱ्या माणसाला नदी विसरता येत नाही. कृष्णा आणि पंचगंगा इथून जवळच एकमेकींना भेटतात. पण पंचगंगा इथवर पोहोचते ती वरच्या गावांचे आणि शहरांचे सांडपाणी घेऊन. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच मी पाहिला आहे. नाकाला रुमाल लावून परतताना माझ्या तोंडून ठरलेले उद्गार निघत, ‘वरची माणसे पाहा कशी वागतात!’

या उद्गाराला आळा घातला तो एका कालवाने.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने फोंडा घाट उतरून मी देवगडकडे गेलो होतो. ओहोटीच्या वेळी खडकावरची कालवे फोडून काढणे हे कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वापार बायकांचे काम. शिंपल्यांच्या धारेने हात कापतात, आणि भरती येईपर्यंत पदरी पडेल तेवढेच आपले. सिंधुदुर्गात 2010 नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने किनारी जैवविविधतेचा प्रकल्प राबविला गेला. त्यातून बचत गटांतील महिला कालवांची शेती शिकल्या. 2017 पासून राज्य शासनाच्या कांदळवन योजनेतूनही कालवे, खेकडे आणि जिताडा यांच्या पालनास हातभार मिळू लागला.

अशी एक शेती मला खाडीत पाहावयास मिळाली. पाण्यावर बांबूंचा तराफा, त्याला सोडलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांत ओवलेले रिकामे शिंपले. कालवाचे पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात भटकते आणि मग एखादा टणक आधार शोधून त्याला जन्माचे चिकटते. पेरणाऱ्याच्या दाखल्यातले खडकावरचे बी वाळून जाते. इथले बी मात्र खडकच मागते! या शेतीला नांगर नाही, खत नाही, चारा नाही. कालव पाणी आत ओढते, त्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून घेते आणि पाणी स्वच्छ करून सोडते.

समुद्राच्या तळाची वाळू गिळून तिच्यातील कुजका अंश पचविणारी समुद्रकाकडीही अशीच मूकपणे सफाई करते. परदेशी बाजारासाठी तिची एवढी लूट झाली, की 2001 मध्ये भारत सरकारने तिला वाघाच्या बरोबरीचे कायदेशीर संरक्षण दिले. तुतिकोरिनच्या शास्त्रज्ञांनी 1988 मध्येच तिची पैदास साधली होती. पण बंदीमुळे तिची शेती आपल्याकडे रुजली नाही. कालवाच्या वाट्याला तशी वेळ येऊ नये, म्हणून तर ही पेरणी.

तराफ्यावर काम करणाऱ्या एका बाईंना मी विचारले, “ताई, या शेतीला धोका कशाचा?”

“पावसाचो, फादर. गोडा पाणी वाढला की माल मरता. पण तेची येळ आमका म्हायत असता. वरसून कोण काय सोडीत, ता म्हायत नसता.”

त्यांचे बोलणे मला पुरते उमगले ते नंतर. कालव जे पाणी गाळते त्यातील रोगजंतूही आपल्या पोटात साठविते आणि खाणाऱ्याच्या ताटात ते पोहोचविते. म्हणून ही शेती शेवटी वरच्या माणसांच्या वागण्यावर पिकते किंवा बुडते.

घाट चढून परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज घरामागे गेलो. स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी, साबणाच्या फेसासकट, उघड्या गटारातून ओढ्याकडे चालले होते. ओढा नदीला मिळतो हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी तिकडे कधी पाहिलेच नव्हते. इतकी वर्षे मी खालचा माणूस म्हणून तक्रार करीत आलो. खिद्रापूरच्या माणसाला विचारले असते, तर त्याने मला ‘वरचा’ म्हटले असते. त्यापुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. तिथेही कोणी बाई ओहोटीची वाट पाहत असेल.

महिन्याभरात अंगणात शोषखड्डा खणून घेतला. त्याने पंचगंगा निर्मळ झाली नाही. तेरवाडला मासे त्यानंतरही मेले. आवाज उठवावयास हवा, आणि तो मी उठवितो. पण ‘वरची माणसे’ हे शब्द ओठांवर आले, की आता जीभ अडखळते आणि पाय आधी घरामागे वळतात.