दुसरा गडी

घरातील पूर्वेकडच्या खोलीवर गेली अकरा वर्षे माझाच अंमल होता आणि लग्नानंतर पत्नीनेही तो मोडून काढण्याचा कधी आग्रह धरला नव्हता. परंतु गेल्या आषाढात त्या खोलीत पाळणा बांधावयाचे ठरले, तेव्हा भिंतीलगतच्या तीन कपाटांत रचून ठेवलेल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्रहाचे पुढे काय, हा प्रश्न आपोआपच उभा राहिला. पत्नी एवढेच म्हणाली, "घाई नाही. तू शांतपणे ठरव." त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला टाळता आले नाही.

या संग्रहाची एक जाड नोंदवही मी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. तिच्यातील फेरिस्तीप्रमाणे सात यंत्रे, १२६ कॅसेटी, दोन बंदुका आणि चौदा इंची पिक्चर ट्यूबचा एक टीव्ही असा सारा ऐवज होता. (कार्ट्रिज हा शब्द मला पुष्कळ उशिरा कळला; आमच्या सोलापुरात लहानथोर सारे कॅसेटच म्हणत आणि मीही तेच म्हणतो.) कोणती कॅसेट पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी मिळाली, कोणती रविवारी, कोणत्या यंत्राचा अॅडॅप्टर तपकीर गल्लीत दुरुस्त करून घेतला, कोणत्या वस्तूसाठी सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरील दुकाने पालथी घातली, हा सर्व तपशील तारीख, ठिकाण आणि किंमत अशा तीन रकान्यांत मी इतक्या निगुतीने लिहिला होता की, एखाद्या जुन्या संस्थानाच्या जामदारखान्याचे दप्तरही याहून नीट नसावे असे मला वाटे.

या सगळ्याचे मूळ मात्र त्या वहीत नोंदलेले नाही. १९९५च्या दिवाळीत वडिलांनी बोनसच्या पैशातून आम्हां दोघां भावांना एक टीव्ही गेम आणून दिला होता. निनटेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात बाजारात आणलेल्या आणि मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हातून घडलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती एक स्वस्त नक्कल होती, हे मला वीस वर्षांनी समजले. अस्सल फॅमिकॉमला दोन कंट्रोलर यंत्रालाच कायमचे जोडलेले असत, आणि त्यांपैकी दुसऱ्यावर स्टार्ट व सिलेक्ट ही बटणे नसून त्यांच्या जागी एक छोटा मायक्रोफोन बसवलेला असे. आमच्या नकलेत तो मायक्रोफोन गळाला होता आणि बटणांचा अभाव तेवढा शिल्लक राहिला होता. त्यामुळे खेळ सुरू करण्याचा, तो मध्येच थांबवण्याचा सगळा अधिकार पहिल्या गड्याकडे. आणि दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असल्यामुळे पहिला गडी कोण, याचा फैसला एकदाच आणि कायमचा झाला होता.

मला त्याचे दुःख नव्हते. कॉन्ट्रा या खेळात तिसरा राऊंड धबधब्याचा आहे. तिथे दोन्ही गड्यांना कड्यांवरून उड्या मारीत वर चढावे लागते, आणि वरचा जसजसा चढतो तसतसे चित्र वर सरकत जाऊन खालची जमीन नाहीशी होते. खाली रेंगाळणारा गडी, त्याला एकही गोळी लागलेली नसताना, केवळ मागे राहिल्यामुळे मरतो. मी नेहमीच मागे राहत असे. दादा एका कड्यावर उभा राही, वरून कोसळणारे दगड चुकवीत मला यायला अवकाश देई, आणि मी शेजारी येऊन टेकलो की मगच पुढची उडी मारी. तोंडाने तो काही बोलत नसे. पुढल्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी तसे थांबले, तेव्हा तेव्हा मला तो कडा आठवला आहे.

दहावीनंतर दादा शिकायला बाहेर गेला. ते यंत्र एका पावसाळ्यात शॉर्ट होऊन बंद पडले आणि भंगारात गेले. माझ्या संग्रहात ते नाही.

चैत्रात मुलगी रांगू लागली. एका दुपारी तिच्या सतरंजीपासून हातभर अंतरावर, कपाटाच्या पायाशी, मला एक चकचकीत गोल सेल पडलेला दिसला. सीआर २०३२ या जातीचा हा सेल व्यासाने २० मिलिमीटर, जाडीने ३.२; जुन्या कॅसेटींत घालण्यासाठी मी असे सेल आणून ठेवी. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या अस्तरातून वीज वाहू लागून तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकते. मी तो मुठीत धरून बराच वेळ जमिनीवरच बसून राहिलो. मुलगी माझ्या मुठीची बोटे उलगडू पाहत होती.

ज्या कॅसेटींत खेळाची प्रगती साठवता येते, त्यांतल्या पुष्कळांत ती एका चिमुकल्या स्मृतिचिपवर राहते आणि यंत्र बंद असताना तिला जागे ठेवण्याचे काम हा सेल करतो. द लेजंड ऑफ झेल्डाची १९८७ची अमेरिकी कॅसेट ही यांतलीच. जुन्या बाजारात मला ती मिळाली तेव्हा तिच्यात कुणा अनोळखी मुलाचे चार अक्षरी नाव आणि त्याचा अर्ध्यावर राहिलेला प्रवास होता. तो पुसू नये म्हणून सहा वर्षे मी त्या नावाला हात लावला नाही. एक दिवस कॅसेट लावली आणि नावांच्या तिन्ही जागा कोऱ्या निघाल्या. सेलची मुदत संपली होती. नवा सेल मी डाग देऊन बसवला, पण ते नाव परत आले नाही.

मुलगी मोठी झाल्यावर तिच्यासाठी हा वारसा ठेवावा, असे सबळ कारण मी काही दिवस स्वतःला देत होतो. बंदुकीने बदके मारण्याचा खेळ तिला दाखवावा, असे मनात येई. परंतु चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीचा डोळा नेमक्या त्याच क्षणी तो उजेड शोधतो, आणि हे जमते ते केवळ पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येते आणि प्रत्येक नेम चुकतो. म्हणजे तिला ती बंदूक द्यावयाची तर हा जड टीव्हीही द्यावा लागणार, तो दुरुस्त करणारा कारागीर द्यावा लागणार, आणि अखेरीस माझे दहाव्या वर्षीचे वयच तिच्या ओटीत घालावे लागणार. तिला तिचे स्वतःचे दहावे वर्ष येणार आहे. ते माझ्या सामानाने आधीच भरून ठेवण्याचा हक्क मला कोणी दिला?

एका रात्री ती नोंदवही पुन्हा चाळताना लक्षात आले की, कोणाबरोबर खेळलो, याचा रकानाच तिच्यात नाही. १२६ कॅसेटींपैकी एकही मी दुसऱ्या गड्याबरोबर शेवटपर्यंत खेळलो नव्हतो. दादाला फोन करून संग्रह विकू का, असे विचारले. तो म्हणाला, "वीक की. मी तर परत कधी हातसुद्धा लावला नाही. एकट्यानं काय खेळायचं ते?"

घेणारा गृहस्थ चिंचवडहून रविवारी आला. बैठा, मितभाषी माणूस. यंत्रे उलटसुलट करून पाहिली, फेरिस्त ताडून घेतली, नोंदवहीही मिळेल का म्हणून संकोचाने विचारले. मी ती दिली. मग त्याने कॉन्ट्रा लावली आणि म्हणाला, "दुसरा कंट्रोलर चालतो ना? जरा बघता का?" मुलीला मांडीवर घेऊन मी त्याच्या शेजारी सतरंजीवर बसलो. तपासणीपुरते दोन मिनिटे म्हणून बसलो होतो. जंगलाचा राऊंड सरला, तळाचा सरला, आणि पडद्यावर धबधबा आला. त्याचा हात तयार होता, तो भराभर वर चढू लागला. मुलीने माझ्या हातातल्या कंट्रोलरची वायर दोन्ही मुठींत गच्च धरली होती आणि मला उडी साधेना.

"जरा थांबता का?" मी म्हणालो.

तो वरच्या कड्यावर थांबला.