तुपाची वाटी



नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा तुम्ही किती वेळा ऐकली असेल! गावच्या सप्ताहात मी ती वीसेक वर्षे सांगत आलो. ते कुत्रे कोणत्या जातीचे होते, हे कधी कोणी विचारले नाही.

माझ्या दारात मात्र जातिवंत कुत्री. आमच्या लातूर भागात कारवानाचा अभिमान फार. लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, वाऱ्यासारखी धाव. कायद्याने सशाची शिकार गुन्हा झाली, तरी अभिमान सुटला नाही. आमच्या हरणीच्या आईची, आजीची नावे मला पाठ होती. स्वतःच्या पणजीचे नाव मात्र आठवावे लागते.

तीन वर्षांपूर्वी मी पायी वारीत असताना हरणी माजावर आली आणि घरी फाटक उघडे राहिले. पोळ्याच्या सुमारास पाच पिले झाली. दोन पिवळी, एकाची शेपटी वळून पाठीवर. बाप कोण, हे सांगायची गरज नव्हती.

खरे सांगतो माउली, पिले पोत्यात घालून आठवडी बाजारात सोडायची, असे मी ठरवले होते. खेड्यात असे सर्रास चालते. तरी शेजारच्या गावच्या तात्यांना विचारून घ्यावे म्हटले. तात्या कारवानाचे कडवे जाणकार. दात, पंजा, छाती पाहिल्याशिवाय पिलू हातात धरत नाहीत. ते माझीच री ओढतील, अशी माझी खात्री.

तात्या आले, खाली बसले. सगळ्यांत अशक्त पिलू उचलून हरणीच्या आचळाला लावले आणि म्हणाले, "महाराज, फाटक तुमचे उघडे राहिले. शिक्षा पिलांना का? दोन महिने आईजवळ राहू द्या, मग मी बघतो."

त्यांनी खरेच बघितले. खोक्यात घालून मोटारसायकलवरून तालुक्याच्या दवाखान्यात नेली, लसी टोचून आणल्या, चार पिलांना घरे शोधून दिली. पाचवे राहिले, ते वळलेल्या शेपटीचे. मी म्हटले, "तात्या, हे तुम्हीच ठेवा." ते सरळ नाही म्हणाले. "माझ्याकडे जागा आहे ती कारवानाची. तुमच्याशी खोटे कशाला बोलू?"

तेव्हा मला राग आला. गावठी पिलांवर यांचा जीव म्हणजे वरवरचा, असे वाटले. पुढे शहरात मुलाकडे गेलो असता कुत्र्यांचे एक आश्रयगृह पाहिले. तिथे गावठी कुत्र्यांच्या शेजारी लॅब्राडोर होते, हस्कीही होते. केस झडलेले, म्हातारे, टाकून दिलेले. हौसेने हजारो रुपये मोजून आणलेलीच ती कुत्री. त्यांच्या मालकांना जातिवंत कुत्र्याचे तरी प्रेम होते, असे कसे म्हणावे? तात्यांनी गावठी पिलू घरात ठेवले नाही, पण रस्त्यावरही जाऊ दिले नाही. मी तर त्याला घरात ठेवून काय करत होतो, ते ऐका.

त्या पाचव्याचे नाव बाळ्या. हरणीची दूधभाकरी ओट्यावर, स्टीलच्या वाटीत. बाळ्याची फाटकाबाहेर, फुटक्या परळात. मला त्यात काही वावगे दिसत नव्हते. त्या वर्षीच्या सप्ताहात नामदेवरायांची कथा सांगून घरी आलो, गळ्यातली वीणाही उतरवली नव्हती, तोच नात म्हणाली, "आजोबा, मग आपल्या बाळ्याचं जेवण बाहेर का?"

घरात सगळे होते. कोणीच बोलले नाही.

आता दोघे ओट्यावरच जेवतात. हरणी गुरगुरते, त्याच्या वाटीतलेही खाते. तो बाजूला सरकून उभा राहतो. पाहुणे आले की अजूनही माझ्या तोंडून पहिल्यांदा निघते ते "ही आमची हरणी, अस्सल कारवान." मग ते बाळ्याकडे बघतात, आणि मी जरा थांबून म्हणतो, "आणि हा तिचाच."