दारातले पाऊल

तासिका तत्त्वावरील नेमणूक स्वीकारावी का, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. ‘घे, निदान दारात पाऊल तरी पडेल,’ असे मी म्हणालो. वाक्य मराठी होते. रूपक मात्र इंग्रजीतून आलेले होते, हे मागाहून ध्यानात आले.

मराठीत नोकरी शोधणारा उंबरठे झिजवतो. त्यात झिजतो तो उंबरठा. झिजवणाऱ्याच्या पायांचा उल्लेखही नाही. ‘चंचुप्रवेश’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. पण आत गेलेली चोच सहज बाहेरही येते, तिला दार मिटण्याचे भय नाही. इंग्रजी वाक्प्रचारात मात्र हे भयच मध्यवर्ती आहे. घरोघर हिंडणारा विक्रेता मिटत्या दाराच्या फटीत पाऊल अडकवतो, हे त्यातील चित्र. म्हणजे वाच्यार्थाने हे पाऊल प्रवेशाचे नव्हेच. ते केवळ नकार लांबवणारे आहे.

१९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी आपल्या प्रयोगांतून सिद्ध झालेल्या एका तंत्राला हेच नाव दिले. आधी क्षुल्लक विनंती मान्य करून घेतली, की पुढची मोठी विनंती मान्य होण्याचा संभव वाढतो. हे वाचताना मला माझा आणखी एक जुना विद्यार्थी आठवला. त्यालाही मी हाच सल्ला दिला होता. ‘एवढे एक वर्ष सांभाळून घ्या,’ असे संस्थेने त्याला म्हटले. मग परीक्षेची कामे आली, मग मूल्यांकनाच्या फायली, मग आणखी एक वर्ष. आज नवव्या वर्षीही तो तासांच्या हिशेबाने शिकवतो आहे.

मग पाऊल कोणाचे आणि दार कोणाचे? क्षुल्लक विनंती त्याने केली नव्हती. त्याने ती मान्य केली होती. पाऊल संस्थेचे होते आणि दार त्याच्या आयुष्याचे. रूपकाने कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली होती, आणि भाषेचा अध्यापक असूनही मी ती आशा म्हणून पुढे दिली होती.

नव्या विद्यार्थ्याला मी पुन्हा बोलावले. ‘नेमणूक हवी तर घे,’ म्हटले, ‘पण किती वर्षे, हे आज तूच ठरव.’ तो म्हणाला, ‘सर, दोन.’ मी ते लिहून ठेवले आहे.