उतरता काठ

तळेगाव ढमढेऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या अंगणात सीताफळाखाली एक छोटं तळं आहे. दोनशे लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून त्याचा खालचा भाग थोडा जमिनीत पुरला, एवढंच त्याचं बांधकाम. आत एक कुमुदिनी, थोडे गप्पी मासे आणि भिंतीला चिकटून तळापर्यंत गेलेला दगडांचा उतार. येणारे-जाणारे कुमुदिनीचं फूल बघून थांबतात. ती मात्र त्यांना आधी उतार दाखवते. फूल नसलं तरी तळं तळंच राहतं, पण उतार नसेल तर अंगणात पाणी साठवूच नये, असं तिचं ठाम मत आहे. या मतामागे लहानपणापासूनचं पाहणं आहे.

पाण्याच्या काठाशी तिची ओळख झाली ती मोटेच्या विहिरीवर. बैल धावेवरून उतरायचे, मोट वर यायची आणि थारोळ्यात रिकामी व्हायची. थारोळं दगडी असलं तरी पाटाकडची त्याची बाजू उथळ होती आणि पाट तर मातीचाच. साळुंक्या तिथं पंख फडफडवत अंघोळ करायच्या. होले पाटाच्या कडेनं चालत येऊन पाणी प्यायचे. मधमाश्या पाण्यात न उतरता काठच्या ओल्या मातीतून पाणी शोषून घ्यायच्या. कोतवाल तेवढा हवेतूनच सूर मारायचा, पाण्याला अंग लावून परत तारेवर. यातलं काहीच कुणी पक्ष्यांसाठी म्हणून केलेलं नव्हतं. पाणी शेताकडे चाललं होतं आणि वाटेत त्याला काठ होता.

घरी आजी कोंबडीच्या पिलांसाठी पाण्याची थाळी भरायची, तेव्हा तिच्यात वेळ नदीतले गोटे टाकायची. पिलू बुडू नये म्हणून. आजही पिलं वाढवणारे जाणकार भांड्यात गोटे टाकतात ते याच कारणासाठी. पहिल्या दिवसांत पिलाच्या अंगावर नुसती लव असते. ती भिजली की पिलू गारठतं आणि बोटभर पाण्यातही मरतं. "नुसतं पानी ठिवून काय व्हतंय? उतरायला जागा नको व्हय?" आजी म्हणायची. मुलांना मात्र त्या गोट्यांमध्ये फक्त खेळ दिसायचा.

१९७२च्या दुष्काळात नदी आटली, विहिरी तळाला गेल्या. मोठी माणसं खडी फोडायच्या कामावर जायची, मुलांच्या वाट्याला सुकडी यायची. त्या उन्हाळ्यात गुरांच्या दगडी डोणीतलं पाणी इतकं खाली गेलं की पक्षी काठावर बसून आत वाकायचे आणि चोच पोचायची नाही. काही आत पडायचे. डोण तीच होती, पाणीही पिण्याजोगंच होतं. पातळी खाली गेली आणि तेच भांडं सापळा झालं. हे तिच्या डोक्यात तेव्हापासून बसलं.

पुढे मोट गेली, इंजिन आलं, मग विजेची मोटर. थारोळ्याच्या जागी सिमेंटचा हौद झाला, सरळ भिंतींचा. पाटाच्या जागी पाइप जमिनीखाली गेला आणि नंतर ठिबकची नळी आली. ठिबकनं पाणी वाचलं, अवर्षणाच्या या पट्ट्यात डाळिंब जगलं, त्याबद्दल तिला कृतज्ञताच आहे. चासकमान धरणाच्या आवर्तनानं उसाला आधार दिला, हेही खरं. पण शिवारात उघडं, उथळ, मातीच्या काठाचं पाणी कमी होत गेलं आणि त्याच काळात खोल, उभ्या भिंतींचं पाणी वाढलं. पक्ष्यांच्या, खारींच्या, बेडकांच्या बाजूनं हा बदल फारसा कुणी मोजलेला नाही.

शिक्षिका झाल्यावर तिची नेमणूक ज्या गावात झाली, तिथं शाळेच्या आवारात असाच एक हौद होता. एके दुपारी त्यात खार पडली. वर्गातली मुलं धावली. खार मध्यभागी नव्हतीच. ती भिंतीला लागून गोल गोल पोहत होती, प्रत्येक फेरीत नखांनी सिमेंट ओरबाडत होती. मुलांनी फळी टाकली. ती पाण्यात तिरकी तरंगली आणि तिचं टोक भिंतीपासून वीतभर दूर राहिलं. खार फळीच्या मागच्या फटीतून निघून गेली, पुन्हा गोल. कुणीतरी गोणपाट भिंतीवरून आत सोडलं, तेव्हा कुठं ती त्याला धरून वर आली.

खूप वर्षांनी तिनं वाचलं, की अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कुरणांमध्ये गुरांच्या टाक्यांत पक्षी, खारी, वटवाघळं बुडतात म्हणून तिथं टाकीत बाहेर पडायचा उतार बसवतात, आणि त्याचा पहिला नियम असा की उतार भिंतीला घट्ट टेकलेला हवा. पाण्यात पडलेला प्राणी काठ शोधत भिंतीच्या कडेनं पोहतो. उतार मधोमध असला किंवा मागे फट राहिली तर तो त्याला सापडतच नाही. दुसरा नियम, उतार तळापर्यंत जायला हवा, कारण पातळी रोज बदलते. पहिला नियम तिनं शाळेच्या हौदात पाहिला होता, दुसरा दुष्काळातल्या डोणीत.

हीच गोष्ट मोठ्या आकारात तिच्या तालुक्यात अधूनमधून घडत असते. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, आणि या भागातल्या उसात बिबटे राहतात. रात्री कुत्र्यामागं किंवा शेळीमागं धावताना बिबट्या कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. वनखात्याची माणसं येईपर्यंत गावकरी दोराला बांधून खाट खाली सोडतात. थकलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो, मग पिंजरा उतरवून किंवा शिडी लावून त्याला वर काढतात. जखमी असेल तर जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात त्याच्यावर उपचार होतात. सत्तर किलोचा, झाडावर सहज चढणारा प्राणी, पण उभ्या ओल्या भिंतीपुढे त्याचंही काही चालत नाही. मग चिमणीचं काय चालणार? जुन्या बारवांना पायऱ्या होत्या. माणूसही उतरायचा आणि चुकून पडलेलं जनावरही वर यायचं. बारव बांधणाऱ्यांच्या त्या शहाणपणाचा तिला फार आदर आहे.

उतार असला की झालं, असंही नाही. शेततळ्याच्या बाजू तिरक्याच असतात. पण पाणी मुरू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरतात आणि तो ओला झाला की त्यावर पाऊल ठरत नाही. राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, शिवारात शेततळी वाढली, त्यांनी बागा वाचवल्या. आणि त्याच घसरड्या उतारांवरून कुत्री, हरणं आणि माणसंही आत गेली. पोहता येणारा माणूससुद्धा त्या कागदावरून वर येऊ शकत नाही. उताराला पकड हवी, खरबरीतपणा हवा.

वनखात्याचे पाणवठे पाहिले की हे नेमकं कळतं. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. तिथं उन्हाळ्यात भरले जाणारे कृत्रिम पाणवठे बशीसारखे पसरट असतात. कडेपासून पाणी हळूहळू खोल होत जातं, पाडसालाही पाय रोवून पिता येतं आणि लहान पाखरू कडेच्या ओलीवर उभं राहतं. दौंडच्या पुढे भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, तेही धरणाच्या खोल पाण्यासाठी नव्हे, तर उथळ चिखलाच्या काठासाठी.

मधली काही वर्षं ती पुण्यात फ्लॅटमध्ये राहिली. तिथं बाल्कनीत मातीची परळ होती. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीनं २०१०पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस सुरू केला, त्यानंतर अशा परळ घरोघर दिसू लागल्या. ही चांगलीच गोष्ट झाली. पण परळ रोज घासून धुवायला हवी, हे कुणी फारसं सांगत नाही. ब्रिटनमध्ये २००५च्या सुमारास पारव्यांमध्ये आढळणारा एक परजीवी ग्रीनफिंच या लहान पक्ष्यात पसरला आणि त्यांची संख्या झपाट्यानं घसरली. दाण्याच्या आणि पाण्याच्या सामाईक जागांमधून तो पसरायला मदत झाली. आपल्या बाल्कन्यांत पारव्यांची गर्दी किती असते, ते वेगळं सांगायला नको.

निवृत्तीनंतर गावी परतल्यावर तिनं तळं केलं, ते हे सगळं मनात धरून. पहिला प्रश्न ड्रमचा. रांजणगाव, सणसवाडीच्या कारखान्यांमुळे या बाजूच्या भंगारवाल्यांकडे निळे ड्रम ढिगानं मिळतात. त्यात आधी काय होतं हे सांगता आलं नसतं, तर तो ड्रम तिनं घेतला नसता. रसायनाचा वास धुतल्यावर जातो, प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं रसायन जात नाही. तिला खाद्यतेलाचा मिळाला. सिमेंटची टाकी करणाऱ्यांना ती सांगते की नवीन सिमेंट पाण्यात चुना सोडतं. पाणी भरून, उपसून, पुन्हा भरून टाकी नीट मुरू द्या, त्याआधी मासे सोडू नका आणि कुत्र्याला पाजू नका. ड्रमची कापलेली कड धारदार होती, तिच्यावर तिनं जुना रबरी पाइप उभा चिरून बसवला.

उतारासाठी काळ्या दगडाच्या खडबडीत फरशा आणि विटा. सगळ्यात वरचा दगड पाण्याच्या जेमतेम खाली, दोन-तीन सेंटिमीटर. चिमणी आणि मुनिया तिथं अंघोळ करतात. त्याखालचा पाच सेंटिमीटरवर, तो बुलबुल-साळुंकीचा. पुढचे तळापर्यंत. एप्रिलात पाणी कितीही उतरलं तरी एक ना एक दगड पाण्याच्या रेषेला भेटतोच. पावसाळ्यात उलटी अडचण येते: ड्रमचा हा टब काठोकाठ भरतो आणि दगड बुडतात. म्हणून काठाखाली एक भोक पाडून तिथं बारीक जाळी लावली, जास्तीचं पाणी सीताफळाच्या आळ्यात जातं. जाळी आवश्यकच आहे, कारण गप्पी मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ते ओढ्यातून वेळ नदीत आणि पुढे भीमेत जाता कामा नयेत.

मासे ठेवले ते डासांसाठी. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेलगत भिंतीवर अंडी घालतो, ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. कुमुदिनीचा टब दर आठवड्याला रिकामा करून कोरडा दिवस पाळणं शक्य नसतं. म्हणून अळ्या माशांनी खायच्या आणि भिंतीची कड तिनं दर आठवड्याला काथ्यानं घासायची, अशी वाटणी आहे. कधीकधी खंड्या येऊन एखादा मासा उचलतो. तिला त्याचं वाईट वाटत नाही.

मांजराचा बंदोबस्त झाडांच्या जागेनं केला. टबाभोवती दोन मीटर मोकळी जमीन ठेवली, म्हणजे दबा धरायला आडोसा नाही. वर मात्र सीताफळाची फांदी, ओल्या पक्ष्याला पटकन उडून बसायला. बुंध्याला बाभळीची शिरी बांधली. नायलॉनची जाळी टबावर टाकायचा सल्ला तिला अनेकांनी दिला. तिनं ती टाकली नाही, कारण तिच्यात पक्ष्यांचे पाय आणि दिवडाचं अंग अडकतं. घरी नातवंडं आली की मात्र पाण्याखाली चार बोटांवर ताठ वेल्डमेशची जाळी बसते, उतारापुरती कापून. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि याबाबतीत ती कुणाचंही ऐकून घेत नाही.

कुत्रा मोत्या टबातलं पाणी पितो. त्यामुळे काठी अळू लावलं नाही. कच्चं अळू चावलं तर त्याच्या तोंडाची आग होते, लाळ गळत राहते. कुंपणावरची पिवळी बिट्टी आणि कण्हेर टबापासून लांब आहेत, कारण दोन्ही विषारी आणि त्यांची फुलं-पानं वाऱ्यानं पाण्यात येतात. उन्हाळ्यात पाण्यावर निळसर हिरव्या रंगासारखी साय आली, तर मोत्याला बांधून ठेवायचं आणि पाणी बदलायचं. त्या शेवाळाच्या काही जाती कुत्र्याचं यकृत निकामी करतात. आणि फवारणीचा पंप, युरियाची बादली, हात धुणं, यातलं काहीही टबात नाही. घरातल्या गड्यालाही हे माहीत आहे.

सध्या तिचं बोलणं शेजारच्या शेततळ्याबद्दल चालू आहे. शेजारी म्हणाले, "बाई, कुंपण घातलंय की चारी बाजूंनी." तिचं म्हणणं, "घातलंत ते बरं केलंत, भाऊ. पण कुंपणाखालून कुत्रं जातं, आणि तुमची पोरं दार उघडून जातात, त्यांचं काय?" शेवटी काथ्याचा जाड दोर आणायचं ठरलं. दर हातभर गाठ, वरचं टोक बांधावरच्या खांबाला, खालचं तळापर्यंत. चारही बाजूंना एकेक. एका कोपऱ्यात जुने टायर साखळीनं जोडून कागदावर अंथरायचे, जनावरांच्या पायांसाठी. टायरच्या तारांनी कागद फाटू नये म्हणून खाली गोणपाटाचा थर द्यायचा. टायर शिक्रापूरच्या पंक्चरवाल्याकडे सांगून ठेवले आहेत, आणि पुढचं आवर्तन सुटून तळं भरण्याआधी ते बसवायचे आहेत.